जुने इंजिन बांधताना कुठे कोणता सीलंट लावायचा

सगळ्या जोडांवर एकच सिलिकॉनची ट्यूब फिरवणे ही जुनी इंजिने बिघडवणारी सर्वांत सामान्य सवय आहे. ट्यूब उघडण्याआधी प्रत्येक जोडाबद्दल तीन गोष्टी पाहा. दोन्ही फेस, म्हणजे एकमेकांवर बसणारे पृष्ठभाग, मशिन केलेले आणि ताठ आहेत, की एक बाजू पत्र्याची आहे? आत ऑइल आहे, पाणी आहे की पेट्रोल? आणि त्या जोडाच्या जाडीवर आतले एखादे माप अवलंबून आहे का? तिसरा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, आणि तोच सर्वांत महागात पडतो.

मागची मेन बेअरिंग कॅप, दोन भागांचे क्रँककेस, पॅकिंगशिवाय (गॅस्केटशिवाय) बसणारा कॅमशाफ्ट कॅरियर या जागा तशाच, जाडीवर माप अवलंबून असलेल्या आहेत. फेसमध्ये सिलिकॉनचा थर राहिला तर कॅप पूर्ण बसत नाही आणि बेअरिंगचे क्लिअरन्स (भागांमधली बारीक मोकळी जागा) बदलते. इथे अ‍ॅनारोबिक सीलंटच वापरा. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की तो घट्ट होतो. आत ओघळलेला भाग ओलाच राहतो आणि ऑइलबरोबर धुऊन जातो. सिलिकॉनचे नेमके उलट आहे. आत आलेली जास्तीची कड रबर होते, तुटते आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसते. मग प्रेशर पडते आणि दोष पंपावर जातो.

अ‍ॅनारोबिकची मर्यादा म्हणजे फट. साधारण पाव मिलिमीटरपर्यंत तो भरतो. वाकलेला फेस त्याने सुधारत नाही, त्यासाठी फेस मशिन करून घ्यावा लागतो. एका फेसवर बारीक रेघ पुरे, आणि ऑइलच्या भोकांपासून ती लांब ठेवा. अ‍ॅल्युमिनियमवर आणि थंडीत तो सावकाश घट्ट होतो, म्हणून घाई असेल तर त्याचा अ‍ॅक्टिवेटर लावा.

सिलिकॉनची खरी जागा पत्र्याच्या भागांवर आणि तीन भाग एकत्र येतात त्या कोपऱ्यांवर आहे. टायमिंग कव्हर, ब्लॉक आणि ऑइल चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) मिळतात तिथे, किंवा कॉर्कची पट्टी रबरी सीलला भेटते तिथे वाटाण्याएवढा ठिपका लावा. पॅकिंगच नसलेल्या चेंबरला 2 ते 3 मिलिमीटरची अखंड रेघ ओढा, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. त्यावर कातडी धरण्याआधी, म्हणजे साधारण 10 मिनिटांत, भाग बसवा. हवेतल्या ओलाव्याने ते पिकते, त्यामुळे ऑइल भरायला 24 तास थांबा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळा. त्यातून सुटणारे आम्ल तांबे, पितळ आणि लोखंड खाते. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर सेन्सर-सेफ लिहिलेलेच घ्या.

टॅपेट कव्हरच्या कॉर्क पॅकिंगला ओले सिलिकॉन लावू नका. आवळताना ते वंगणासारखे काम करते आणि कॉर्क बाहेर सरकतो. कव्हरच्या बाजूने शेलॅक (लाखेचे द्रावण) किंवा गॅस्केट चिकटवणारा गम लावा, दुसरी बाजू कोरडी ठेवा. त्याआधी पत्र्याची बोल्टजवळ फुगलेली भोके हातोडीने सपाट करून घ्या. बऱ्याच गळत्या सीलंटच्या नसतात, या फुगवट्यांच्या असतात.

हेड पॅकिंग उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर कोरडेच बसवा. ओल्या लायनरखालच्या (बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या सिलिंडरच्या नळीखालच्या) रिंगांवर आणि ऑइल पंपाच्या कव्हरच्या कागदी पॅकिंगवर जाड थर नको, कारण लायनरची उंची आणि पंपाचे क्लिअरन्स त्यावरच ठरते.

हेड बोल्टचे भोक पाण्याच्या जागेत उघडते का, हे बारीक तार घालून पाहा. उघडत असेल तर आट्यांना पीटीएफईयुक्त (टेफ्लॉनयुक्त) थ्रेड सीलंट लावा. बंद भोकात मात्र ऑइल किंवा सीलंट साचू देऊ नका. बोल्ट आवळताना द्रवाला जायला जागा नसते आणि ब्लॉक तडकू शकतो. ऑइल प्रेशरच्या सेंडरवर (प्रेशर मापून मीटरला कळवणाऱ्या भागावर) आट्यांची टेप गुंडाळू नका. तिचे तुकडे ऑइलच्या वाटेत जातात, आणि एकच वायर असलेल्या सेंडरचा अर्थिंग आट्यांतूनच होतो.

पेट्रोल लागणाऱ्या जोडावर सिलिकॉन फुगून सुटते. कार्ब्युरेटरचे पॅकिंग कोरडे, किंवा हायलोमारसारख्या न सुकणाऱ्या सीलंटचा अगदी पातळ हात देऊन बसवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर जास्त उष्णतेसाठीचे लाल सिलिकॉनही टिकत नाही. तिथे धातूचे किंवा उष्णता सोसणारे पॅकिंग हवे.

सफाईत हात आखडू नका. अ‍ॅल्युमिनियमवर धारदार पाते किंवा अपघर्षक चकती फिरवू नका. ओरखडे गळतात आणि चकतीची भुकटी बेअरिंग खाते. प्लॅस्टिकची खरवडणी आणि गॅस्केट रिमूव्हर वापरा. मग ब्रेक क्लीनरने पुसत राहा, पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत, कारण ऑइलच्या पातळ पापुद्र्यावर कोणताही सीलंट धरत नाही. ट्यूबवरची मुदतही तपासा: मुदत संपलेले सिलिकॉन आठवडाभर चिकटच राहू शकते.