कुपी, लस, सॉफ्टवेअर: एकाच शोधकाची पेटंटं मोजायची कशी

एका नावावर औषधाची कुपी, लस आणि सॉफ्टवेअर अशी तिन्ही पेटंटं दिसली, की आधी शंका घ्या: हा एकच माणूस की एकाच नावाचे दोघे? एकच असूही शकतो. लशीची कुपी, तिच्यावरचं उष्णतेनं रंग बदलणारं लेबल आणि शीतसाखळीची (लस थंड ठेवून पोहोचवण्याच्या व्यवस्थेची) नोंद ठेवणारी प्रणाली, हे सगळं एकाच कामातून निघतं.

एस्पासनेटवर, म्हणजे युरोपीय पेटंट कार्यालयाच्या मोफत शोध-संग्रहात, शोधकाच्या रकान्यात आधी आडनाव-नाव टाका, मग नाव-आडनाव, मग नुसती आद्याक्षरं. मराठी नावात वडिलांचं नाव कधी येतं, कधी गळतं. 'दीक्षित'सारख्या आडनावाचं रोमन स्पेलिंग तर अनेक तऱ्हांनी होतं. सोबत वर्ग, म्हणजे पेटंटच्या विषयाचा सांकेतिक क्रमांक, लावा: पॅकेजिंगला बी६५डी आणि ए६१जे १, लशींना ए६१के ३९, आरोग्य-सॉफ्टवेअरला जी१६एच. वर्गाशिवाय नुसतं नाव शोधलं तर कचराच फार येतो.

माणूस ओळखायला सहशोधक, अर्जदार आणि शहर बघा. यांतल्या दोन गोष्टी तरी जुळायला हव्यात. तेवढ्या जुळत नसतील तर दोन याद्या वेगळ्याच ठेवा, कितीही मोह झाला तरी.

आता मोजणी. बहुतेक चुका इथेच होतात. एकाच शोधाचे अर्ज दहा देशांत गेले तर यादीत दहाहून जास्त ओळी दिसतात. म्हणून ओळी नव्हे, पेटंट-कुटुंबं मोजा: एकाच शोधाचे सगळे अर्ज मिळून एक कुटुंब. क्रमांकाच्या शेवटचं अक्षरही वाचा. अमेरिकेत ए१ म्हणजे प्रसिद्ध झालेला अर्ज, बी१ किंवा बी२ म्हणजे मंजूर पेटंट. पण २००१ च्या आधी तिथे नुसतं 'ए' म्हणजेच मंजूर पेटंट! त्या काळी नामंजूर अर्ज प्रसिद्धच होत नसत, त्यामुळे जुनी यादी उगाच यशस्वी दिसते. 'डब्ल्यूओ'नं सुरू होणारा क्रमांक म्हणजे आंतरराष्ट्रीय अर्ज. तो पेटंट कधीच नसतो.

मंजुरी मिळाली म्हणजे पेटंट जिवंत आहे असंही नाही. अमेरिकेत साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावं लागतं; भारतात तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी. भारतातली स्थिती 'इनपास'वर, म्हणजे भारतीय पेटंट कार्यालयाच्या शोध-प्रणालीवर, तपासा. सॉफ्टवेअरचा भारतीय अर्ज सापडला नाही तर भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(के) आठवा: निव्वळ संगणक-प्रोग्रॅमला इथे पेटंट मिळत नाही, म्हणून काही जण अर्जच करत नाहीत.

ताजे अर्ज प्राधान्य-तारखेपासून (त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) साधारण १८ महिने दिसत नाहीत. तेव्हा यादीवर शोध घेतल्याची तारीख टाकून ठेवा.