हाय-लिफ्ट कॅमशाफ्ट बसवताना हेड फेसिंग आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधील अंतर

जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक काळ उघडा ठेवणारा, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) बसवला की इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह, उशिरा बंद होतो. त्यामुळे कमी आरपीएमवर सिलिंडरमध्ये आलेल्या मिश्रणाचा काही भाग परत मॅनिफोल्डकडे (मिश्रण आणणाऱ्या नळ्यांकडे) ढकलला जातो आणि प्रत्यक्ष दाब घटतो. हा तोटा भरून काढण्यासाठी हेड फेसिंग करून, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, हेडचा, तळ मिलिंग मशिनवर घासून, कॉम्प्रेशन वाढवले जाते. मात्र नवा कॅम व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामधली जी जागा आधीच खाऊन बसलेला असतो, तीच जागा फेसिंग आणखी कमी करते. म्हणून कॅम ठरवणे, कच्ची जुळणी करून अंतर मोजणे आणि मगच हेड मशिनिंगला देणे, हा क्रम कधीही उलटा करू नये. हेडवरून काढलेले धातूचे थर परत चढवता येत नाहीत.

उदाहरणासाठी मारुती जिप्सी आणि एस्टीममध्ये आलेले सुझुकीचे जी13 मालिकेतील 16 व्हॉल्व्हचे इंजिन घेऊ, कारण ही दोन्ही वाहने भारतीय रॅलींमध्ये वर्षानुवर्षे धावली आहेत आणि त्यांच्या इंजिनांवर असे काम आजही होते. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75.5 मिमी असल्यामुळे एका सिलिंडरचे स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन सरकतो त्या जागेचे घनफळ) सुमारे 324.7 सीसी येते. समजा, मूळ कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) 9.5 आहे, तर पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सर्वांत वरच्या टोकाला, असताना उरणारी जागा 324.7 भागिले 8.5, म्हणजे 38.2 सीसी. हेडमधल्या ज्वलनाच्या चेंबरच्या तोंडाचे क्षेत्रफळ 34 चौरस सेंटिमीटर भरले असे धरू, मग 0.5 मिमी घासल्यावर 1.7 सीसी कमी होतात आणि रेशो 9.9 च्या आसपास जातो. अर्ध्या मिलिमीटरने मिळणारा फायदा एवढाच आहे. चेंबरचे घनफळ गृहीत न धरता अॅक्रिलिकची पट्टी आणि ब्युरेट वापरून चारही चेंबर प्रत्यक्ष मोजावेत. वाहन पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालणार असेल, तर नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याचा) विचारही याच टप्प्यावर करावा.

बहुतेकांची नजर कॅमच्या लिफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो त्या, आकड्यावर जाते, परंतु धोका तिथे नसतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतो तेव्हा पिस्टन बराच खाली गेलेला असतो. दोघे सर्वांत जवळ येतात ते ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना: एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह साधारणपणे टीडीसीच्या 10 ते 15 अंश आधी आणि इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीनंतर तितक्याच अंशांच्या आसपास. त्यामुळे टीडीसीच्या वेळी व्हॉल्व्ह किती उघडा आहे, हे कॅमचे ड्युरेशन, दोन लोबमधला (कॅमच्या उंचवट्यांमधला) कोन आणि टाइमिंग यांवरून ठरते. कमाल लिफ्ट सारखी असलेल्या दोन कॅमपैकी एक निर्धोक आणि दुसरा घातक असू शकतो.

मोजणीसाठी जुने, आधी दाबले गेलेले हेड गॅस्केट वापरावे, कारण त्याची जाडी प्रत्यक्ष जुळणीतल्या जाडीच्या जवळ असते. मात्र पुढे निराळ्या जाडीचे गॅस्केट बसणार असेल, तर तो फरक हिशेबात धरावा. पिस्टनवरच्या व्हॉल्व्ह पॉकेटमध्ये (व्हॉल्व्हसाठी कोरलेल्या खळग्यात) मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा थर लावून त्यावर तेलाचा हात फिरवावा, हेड ठरलेल्या टॉर्कवर आवळावे, टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले दुवे) शून्य फटीवर ठेवावेत आणि इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने क्रँक (पिस्टन हलवणारा दांडा) हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. उलट फिरवल्यास बेल्टची ढिली बाजू बदलते आणि टाइमिंग चुकीचे दिसते. नंतर हेड उतरवून क्ले पात्याने कापावी आणि जिथे थर सर्वांत पातळ आहे तिथे मोजावा. व्हॉल्व्हची कड पॉकेटच्या भिंतीपासून किती दूर आहे, हेही यातच दिसते. ती फट 1.25 मिमीपेक्षा कमी नसावी.

क्लेने जागेचा आकार कळतो, पण नेमका आकडा डायल गेजच देतो. पहिल्या सिलिंडरच्या एका इनटेक आणि एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मूळ स्प्रिंगऐवजी हलकी स्प्रिंग लावावी, क्रँकवर डिग्री व्हील (अंशांची चकती) बसवून खरा टीडीसी शोधावा आणि गेजचे टोक रिटेनरवर (स्प्रिंग धरणाऱ्या टोपीवर) टेकवावे. मग टीडीसीच्या 20 अंश आधीपासून 20 अंश नंतरपर्यंत दर 2 अंशांनी थांबून व्हॉल्व्ह पिस्टनला टेकेपर्यंत हाताने दाबावा आणि वाचन लिहून ठेवावे. फेसिंगनंतरही इनटेकला किमान 2 मिमी आणि एक्झॉस्टला किमान 2.5 मिमी अंतर उरले पाहिजे. एक्झॉस्टला जास्त अंतर लागते याची दोन कारणे आहेत. तो व्हॉल्व्ह अधिक तापून लांब होतो, आणि त्याच्या मागे पिस्टन वर येत असतो, त्यामुळे जास्त आरपीएमवर स्प्रिंग कमी पडली तर पिस्टनच त्याला गाठतो.

आता फेसिंगचा परिणाम या अंतरातून वजा करावा. 0.5 मिमी घासल्यास व्हॉल्व्हच्या अक्षाच्या दिशेने कमी होणारे अंतर व्हॉल्व्ह सिलिंडरच्या अक्षाशी जितका कललेला आहे त्या कोनाच्या कोसाइनने गुणून येते. 20 अंश कोनाला ते 0.47 मिमी भरते, म्हणजे सवलत नगण्य आहे. याशिवाय ओव्हरहेड कॅम (हेडमध्येच कॅम असलेल्या) इंजिनात एक परिणाम हमखास विसरला जातो. हेड खाली आल्यामुळे कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्टच्या ताणलेल्या बाजूची लांबी कमी लागते आणि कॅम मागे पडतो. कॅम पुलीची त्रिज्या 60 मिमी धरली, तर 0.5 मिमीच्या फेसिंगने क्रँकच्या मापात सुमारे 1 अंश रिटार्ड होतो. त्यामुळे इनटेकची फट थोडी वाढते, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि आधीच घटलेले त्याचे अंतर आणखी घटते. म्हणून अॅडजस्टेबल कॅम पुली बसवून टाइमिंग नव्याने लावावे. माझ्या मते अशा कामात तिचा खर्च टाळणे योग्य नाही.

हेड घासल्याने पिस्टन आणि हेडच्या सपाट कडांमधली स्क्विशची फट बदलत नाही, कारण त्या कडा गॅस्केटच्याच पातळीत असतात. ती पातळ गॅस्केटने बदलते, आणि पातळ गॅस्केट व्हॉल्व्हचे अंतरही तेवढेच कमी करते. मोजलेले अंतर अपुरे निघाल्यास आधी फेसिंग कमी करण्याचा विचार करावा. पिस्टनचे पॉकेट खोल करायचे असल्यास क्राउनची (पिस्टनच्या माथ्याची) किमान 4 ते 5 मिमी जाडी उरेल आणि वरच्या रिंगच्या खाचेला धक्का लागणार नाही, याची खात्री करावी. जाड गॅस्केट हा उपाय सोपा असला तरी त्याने स्क्विश बिघडते आणि मिळवलेले कॉम्प्रेशन परत जाते.

मशिनिंगला देण्यापूर्वी सरळ पट्टी आणि फिलर गेजने हेडचा बाक तपासावा. हेड वाकलेले असेल, तर घासून तळ सपाट होतो, पण वरच्या कॅम जर्नलची (कॅम ज्यांत फिरतो त्या बैठकांची) रेषा वाकडीच राहते. कॅम जर्नलमध्ये हाताने सहज फिरत नसेल, तर असे हेड नुसते घासून वापरू नये. अनेक थरांचे स्टीलचे गॅस्केट बसवायचे असल्यास पृष्ठभाग विशेष गुळगुळीत लागतो, आणि ही गोष्ट मशिनवाल्याला आधीच सांगावी. हेड परत आल्यावर बोल्ट ब्लॉकच्या बंद छिद्रांत तळाला टेकत नाहीत ना आणि डॉवेल (हेड नेमके जागेवर बसवणाऱ्या खुंट्या) लांब पडत नाहीत ना, हे पाहावे. अन्यथा टॉर्क पूर्ण दिसूनही गॅस्केटवर दाब येत नाही.

शेवटच्या जुळणीनंतर, स्पार्क प्लग काढलेले असताना, क्रँक पुन्हा हाताने दोन फेरे फिरवावा. मध्येच अडथळा लागला तर पान्याने जोर न लावता कव्हर उघडून टाइमिंगच्या खुणा आधी तपासाव्यात.