रिव्हेट गनवाला नाही, बारवाला बसवतो

घरी विमान बांधताना सगळ्यांचं लक्ष रिव्हेट गनकडे असतं, कारण धडधड आवाज तिचा, पण खरं काम पत्र्यामागे लोखंडाचा तुकडा म्हणजे बकिंग बार धरून बसलेला माणूस करतो. आमच्या आरव्ही-७ च्या, म्हणजे किटमधून बांधायच्या छोट्या विमानाच्या, शेपटीला सुरुवातीला गन मी चालवायचो आणि बार बायको धरायची, माझी बाजू सफाईदार पण मागून रिव्हेट वाकडे. आता बार मी धरतो, गन तिच्याकडे, आणि नवीन कोणी मदतीला आला तर त्यालाही गनच देतो, बार नाही.

आता मुद्द्याचं. विमानात साधे बाजारातले रिव्हेट चालत नाहीत. गोल डोक्याचे एएन४७० आणि पत्र्यात बसून सपाट होणारे एएन४२६, त्यांचा काउंटरसिंक, म्हणजे डोकं बसायची शंकूसारखी खोबण, १०० डिग्रीचा. पुढे एडी लिहिलेलं असेल तर २११७ नावाचं ॲल्युमिनियम अलॉय, डोक्याच्या मधोमध बारीक खळगा दिसतो. एडी४-४ म्हणजे ४/३२ म्हणजेच १/८ इंच जाड आणि ४/१६ इंच लांब, हे एकदा डोक्यात बसलं की डबीवरचं लेबल वाचायला त्रास नाही.

लांबीचा हिशेब सोपा आहे, पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट. ०.०३२ इंचाचे दोन पत्रे म्हणजे ०.०६४, त्यात ०.१८७ मिळवा, पाव इंच झालं, म्हणजे गोल डोक्याचा ४-४ लागणार. ठोकल्यावर मागे जी टिकली तयार होते तिला शॉप हेड म्हणतात, तिची रुंदी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी हवी, १/८ साठी ३/१६ रुंद आणि १/१६ उंच. आणि भोकाचं केंद्र पत्र्याच्या कडेपासून कमीत कमी रिव्हेटच्या दोन जाडी आत, १/८ ला पाव इंच, त्यापेक्षा जवळ गेलात तर कड फाटायला निमित्त मिळतं.

भोकं १/८ ला ३० नंबरच्या ड्रिलने आणि ३/३२ ला ४० नंबरच्या. पत्रे क्लेकोने, म्हणजे भोकात अडकवायच्या स्प्रिंगच्या चिमट्याने, पकडायचे, चंदेरी क्लेको ३/३२ चे आणि तांब्याच्या रंगाचे १/८ चे, मग सगळं परत उघडून भोकाच्या कडेची उठलेली धार काढायची. नवे लोक हे डिबरिंग टाळतात, कंटाळवाणं आहे हे मान्य, पण ती धार पत्र्यांमध्ये राहिली तर पत्रे नीट चिकटून बसत नाहीत. फक्त धारच काढा हं, भोकाला कोन पाडू नका.

सपाट रिव्हेटसाठी पातळ पत्र्याला डाय म्हणजे साचा लावून डिंपल पाडायचा, म्हणजे भोकाभोवतीचा पत्राच दाबून खोलगट करायचा. ०.०३२ इंचापेक्षा पातळ पत्रा ड्रिलने काउंटरसिंक करायच्या भानगडीत पडू नका, भोकाची कड सुरीसारखी होते आणि भोक मोठं होऊन बसतं.

आता ठोकणं. हवेचं प्रेशर आधी भंगार पत्र्यावर सेट करा, माझ्या ३एक्स आकाराच्या गनला १/८ साठी ४० पीएसआयच्या आसपास लागतं, तुमच्या गनला वेगळं लागू शकतं. गनवाल्याने डोक्यावर घट्ट दाबून धरायचं, बारवाल्याने मागे सपाट आणि हलकं टेकवायचं. बार नसताना ट्रिगर ओढला तर पत्र्याला खळगा पडलाच समजा, म्हणून आमच्याकडे नियम एकच, आधी विचारायचं:

"धरलास का रे?"

"धरलाय, मार."

हे ऐकल्याशिवाय बोट ट्रिगरवर जायचंच नाही, कानात प्लग असतात म्हणून आम्ही दोघं ओरडतोच. मग एक-दोन सेकंदांचा एकच झटका. थांबून थांबून चाळे केले की ॲल्युमिनियम कडक होत जातं आणि टिकलीला तडे जातात. बारकडे कान ठेवा, रिव्हेट बसत आला की आवाज बदलतो, हाताला सुद्धा कळतं. टिकली एका बाजूला कलायला लागली तर बार तिच्या विरुद्ध किंचित तिरका करा, पण सुरुवातीलाच, अर्धी चपटी झाल्यावर उपयोग नाही.

गनचा सेट, म्हणजे डोक्यावर टेकणारा तिचा पुढचा तुकडा, घसरला की डोक्यावर चंद्रकोर उमटते, तिला लोक इमोजीसारखं स्मायली म्हणतात. माझ्या रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूवर, अशी एक होती, पत्र्यातही गेली होती, मग तो पॅनल दुसरा मागवावा लागला, कारण सेटवर टेप लावायचा कंटाळा केला होता.

खराब रिव्हेट काढायचा तर खळग्यात ४० नंबरचं ड्रिल धरून फक्त डोक्याच्या खोलीपर्यंत जायचं, पुढे नाही. डोकं पंचाने तिरकं करून तोडा, मागे लाकडाचा आधार द्या आणि दांडा हलक्या हाताने बाहेर काढा. भोक मोठं झालं तर एनएएस१०९७ नावाचे रिव्हेट मिळतात, १/८ चा दांडा पण डोकं ३/३२ च्या एवढं, त्यांना ऊप्स रिव्हेट म्हणतात. भोक ३० नंबरला वाढवून बसवायचे, पण आधी किटवाल्यांच्या सूचना बघा, सगळीकडे ते चालत नाहीत. पाव पौंड आणून ठेवाच, आमच्या डबीवर बायकोने मार्करने "अरेरे" लिहिलंय.