आंब्याचा भिरूड बाटोसेरा आहे का, कसं ओळखायचं

आंब्याच्या खोडातून भुस्सा पडतोय आणि जवळपास लांब मिशांचा मोठा भुंगा दिसला तर लगेच चिरडू नका, आधी तो बाटोसेरा (भुंग्यांची एक प्रजाती, म्हणजे genus) आहे का ते बघा. डोकं बाजूने बघायचं, तोंड सरळ खाली वळलेलं असेल तर लामिनी उपकुळ (लांब मिशांच्या भुंग्यांचा एक गट, बाटोसेरा यातलाच), प्रायोनिनी या दुसऱ्या उपकुळात ते पुढे असतं. मग मानेमागची ढाल, तिला दोन्ही बाजूंना एकेक काटा हवा, आणि पंखांच्या मुळाशी काळे चकचकीत दाणे, ही बाटोसेराची महत्त्वाची खूण. रंगावर जाऊ नका राव, मेल्यावर ठिपके फिके पडतात! बाटोसेरातली रुफोमाक्युलाटा ही जात (डी गीर, 1775, म्हणजे नाव देणारा आणि वर्ष) म्हणजे आपला भिरूड, ढालीवर दोन लालसर डाग. वर्णन लिहिताना लांबी मिमीमध्ये, झाड, गाव, तारीख, सगळं टाका.