कमी फायबरच्या पथ्यातही नूडल्सनंतर पोटात कळा: माझा अनुभव
आतड्याला सूज, म्हणून डॉक्टरांनी कमी फायबरचं पथ्य दिलेलं. तरी नूडल्स खाल्ल्या की पोट फुगायचं, कळा यायच्या. भाज्या काढल्या. सोबा (जपानी नूडल्स) सोडला, त्यात बकव्हीट (कुट्टू) असतं. मग ‘हलक्या’ म्हणून पारदर्शक शिराताकी नूडल्स आणल्या, तर त्रास वाढलाच. अक्षरशः वैतागलो.

पाकीट नीट वाचलं तेव्हा कळलं: शिराताकी कोंजाक कंदाच्या, पाणी सोडलं तर जवळजवळ नुसतं फायबर! दिसायला मात्र मुगाच्या काचेरी नूडल्ससारख्याच.

आता आधी घटक बघतो: पांढरा तांदूळ किंवा मुगाचा स्टार्च, आणि पाणी. मग फायबरचा आकडा, 100 ग्रॅमला 2 ग्रॅमपेक्षा कमी. नूडल्स पूर्ण मऊ शिजवून गाळलेल्या सूपमध्ये घालतो, वर अंडं किंवा मऊ तोफू. मोड आलेली कडधान्यं, मशरूम, तीळ, समुद्री शेवाळ बंद. चार दिवसांत कळा थांबल्या.