शित्झूच्या पिल्लाचे केस: आधी कंगवा, मग अंघोळ

दोन महिन्यांचं शित्झू जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरी येतं तेव्हा त्याचे केस बोटभर लांब, कापसासारखे मऊ असतात आणि काहीही न करता छान दिसतात. म्हणून कंगवा ड्रॉवरमध्येच पडून राहतो. साधारण दहाव्या महिन्याच्या आसपास हे बाळकेस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस यायला लागतात. या जातीचे गळलेले केस जमिनीवर फारसे पडत नाहीत, नव्या केसांतच अडकून बसतात. बघता बघता कानामागे आणि काखेत जटा होतात. आणि ज्याने तोवर कंगवा पाहिलेलाच नाही, ते पिल्लू नेमकं याच वेळी हातावर दात लावतं. म्हणून गरज नसली तरी सवय पहिल्या आठवड्यापासूनच लावायची.

रोज ठरलेल्या एकाच जागी, टेबलावर बाथरूममधली रबरी मॅट टाकून बसा. पाय घसरला की पिल्लू घाबरतं आणि ते टेबलच त्याला नको होतं. सुरुवातीला दोन मिनिटं पुरेत. पंजा हातात धरायचा, कान उलटून पाहायचा, ओठ वर करायचा, दोनदा ब्रश फिरवायचा, खाऊ द्यायचा. वळवळ चालू असताना खाली सोडू नका, क्षणभर शांत झालं की सोडा. नाहीतर वळवळलं की सुटका होते, एवढंच ते शिकतं. एक हात कायम त्याच्या अंगावर हवा. एवढ्या उंचीवरून मारलेल्या उडीनेही पिल्लाचा पाय मोडू शकतो.

सामान मोजकंच लागतं. पिनांच्या टोकाला गोळे नसलेला पिन ब्रश (गोळ्यांत केस अडकून तुटतात), मऊ तारांचा छोटा स्लिकर ब्रश, गोल टोकाची कात्री, आणि अर्धे दात विरळ व अर्धे दाट असा स्टीलचा कंगवा. पैसे कुठे घालायचे तर या कंगव्यात. फवाऱ्याच्या बाटलीत २५० मिली पाण्यात कुत्र्यांच्या कंडिशनरचा अर्धा चमचा मिसळून ठेवा. कोरड्या केसांवर ब्रश चालवला की केस तुटतात.

भांग पाडून विंचरणं

बहुतेकांची चूक इथेच होते. वरवर ब्रश फिरवला की केस चमकतात आणि तळाशी नमद्यासारखा घट्ट गुंता जमत राहतो. पिल्लाला कुशीवर झोपवा आणि पोटाकडून सुरुवात करा. डाव्या तळहाताने केस वर दाबून धरा, म्हणजे खाली एक बारीक ओळ सुटी राहील आणि भांगासारखी कातडी दिसेल. कातडी दिसत नसेल तर बट जाड घेतली आहे. हलका फवारा मारा, आधी टोकं, मग मध्य, मग मूळ असं विंचरा. अर्धा इंच वर दुसरा भांग पाडा. असं कण्यापर्यंत जायचं आणि कूस बदलायची. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला पाहिजे. अडला तिथे गाठ आहेच. पिल्लाला एक दिवसाआड दहा मिनिटं पुरतात, केस बदलायच्या काळात मात्र रोज.

कानामागे, काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला आणि शेपटीखाली आधी पाहा. हार्नेसचा पट्टा घासतो तिथेही हमखास गाठ होते, म्हणून घरात आल्यावर हार्नेस काढून ठेवा.

गाठ सापडली तर तिच्यात चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा. गाठ मुळाशी चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जात नाही. मग बोटांनीच तिचे दोन, चार भाग करा आणि कंगव्याच्या कडेच्या दातांनी टोकाकडून सोडवत या. कातडीला समांतर कात्री घालून गाठ कापायला कधीही जाऊ नका. गाठीबरोबर कातडीही तंबूसारखी वर ओढली गेलेली असते, केसांखाली ती दिसत नाही, आणि कात्री सरळ तिच्यातच जाते. मोठी, चपटी जट असेल तर कुत्र्यांच्या पार्लरमध्ये मशीनने काढून घ्या. केस परत येतात.

अंघोळ

दोन-तीन आठवड्यांतून एकदा. विंचरल्याशिवाय पाण्यात घालायचं नाही, कारण गाठ भिजून सुकली की आवळते आणि मग सुटतच नाही. लसीच्या दिवशी अंघोळ टाळा. पहिली अंघोळ कधी घालायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

पाणी कोपराला कोमट लागेल इतपतच. शाम्पू कुत्र्यांचाच हवा. आपल्या त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, ७ म्हणजे उदासीन) साधारण ५.५ असतो, कुत्र्याचा त्याहून वर, उदासीनच्या जवळ, त्यामुळे आपला शाम्पू त्यांची कातडी कोरडी पाडतो. बाटलीवर वेगळं लिहिलं नसेल तर एका भागाला दहा भाग पाणी घालून पातळ करा आणि केसांच्या दिशेनेच हात फिरवा, गोल चोळलं की गुंता होतो. डोक्यावर मगाने पाणी ओतू नका. चपट्या नाकात पाणी लगेच जातं. तोंड ओल्या फडक्याने पुसा. निथळणारं पाणी स्वच्छ दिसलं की आणखी दोन मग घाला, राहिलेला शाम्पू खाजवतो.

टॉवेलने दाबून टिपा, घासू नका. ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर ठेवा आणि झोताखाली स्वतःचा हात धरा. हाताला चटका जाणवला तर ते पिल्लाला जास्तच आहे. ब्रश आणि ड्रायर एकदमच चालले पाहिजेत. चपट्या नाकाच्या जातींना उष्णता सोसत नाही, धापा टाकायला लागलं की थांबा.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नका. केस वरून कोरडे लागतात, काखेत आणि बोटांमध्ये ओल राहते आणि तिथूनच वास, लाली, खाज सुरू होते. जून ते सप्टेंबर पायाचे केस आखूडच ठेवा, तळव्याच्या गाद्यांमधले गादीच्या पातळीवर कापा आणि फेरीवरून आल्यावर प्रत्येक बोटाची बेचकी पुसा.

खोबरेल तेल चोळायचा मोह आपल्याकडे फार. त्यावर धूळ बसते, पिल्लू ते चाटत बसतं आणि गाठी वाढतात. टाल्कम पावडरही नको. गोचिडांवर रॉकेल किंवा फिनेल तर मुळीच नको, दोन्ही विषारी आहेत. गोचिडाचं औषध पिल्लाचं वय आणि वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या.

डोळे आणि नखं

उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून रोज डोळ्यांचे कोपरे पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, आणि मग कोरडं करा. नाकावरचे केस वर वाढून बुबुळाला टोचतात. ते कापताना कात्रीचं टोक डोळ्याच्या उलट दिशेला हवं. डोळा अर्धवट मिटलेला किंवा धुरकट दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोक्यावर बो बांधत असाल तर रबर रोज बदला, आणि ओढून न काढता कापून काढा.

नखं तीन-चार आठवड्यांनी, एका वेळी एक-दोन मिलिमीटरच. काळ्या नखात शीर बाहेरून दिसत नाही, म्हणून पातळ चकत्या काढत जा. कापलेल्या तोंडाशी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. आतल्या बाजूचा, जमिनीला न टेकणारा अंगठा विसरू नका. ते नख गोल वळून कातडीत रुततं.

नेमाने विंचरणं जमणार नसेल तर पपी कट (अंगावरचे केस आखूड कापणं) करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त पार्लरमध्ये नुसतं ‘बारीक करा’ म्हणू नका. अर्धा ते एक इंच केस ठेवायला सांगा, कातडीला लागून मशीन फिरवलं तर उन्हाने भाजतं. पिंजऱ्यात बसवून ड्रायर लावतात का, तेही विचारा. लावत असतील तर दुसरं पार्लर बघा. कान आणि शेपूट लांब ठेवायची असेल तर तेही आधीच बोला, मशीन चालू झाल्यावर कोणी विचारत नाही.