जपानमध्ये कलाप्रदर्शनं बघताय? मग या चुका टाळा

टोकियोत निशी-कासाईतल्या माझ्या घरी बुटांच्या एका खोक्यात २०२५ सालची एक्केचाळीस तिकिटं साठली आहेत. निम्म्या प्रदर्शनांना मी एकटीच गेले, बाकीच्यांना कुणाला ना कुणाला बरोबर घेऊन. कधी गावाकडून आलेले पाहुणे, कधी ऑफिसात नवीन लागलेली मुलं, कधी गणपतीत ओळख झालेली मंडळी. सगळ्यांना हौस असते आणि सगळे त्याच त्याच ठिकाणी ठेचकाळतात. वर्षभर तोंडी सांगून झालं, आता लिहून काढते.

प्रदर्शनाची तारीख बघायची, चित्राची नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती माझ्याही हातून झाली आहे.

जुनी जपानी चित्रं कागदावर नाहीतर रेशमावर काढलेली असतात. उजेडाने रेशीम ठिसूळ होतं, रंग उडतात, आणि गुंडाळी उलगडताना खनिज रंगांचे कण सुटतात. म्हणून ‘कोकुहो’, म्हणजे राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेल्या अशा कलाकृतींसाठी सरकारने शिस्त घालून दिली आहे. वर्षातून साधारण दोनदाच बाहेर काढायच्या, तेही सगळे मिळून साठ दिवसांच्या आत. रंग पटकन उडणारे असतील तर तीस. उरलेलं वर्ष त्या अंधारात असतात. त्यामुळे दोन महिन्यांचं प्रदर्शन असलं की त्याचे बरेचदा दोन भाग पडतात, पहिला ‘झेन्की’ आणि दुसरा ‘कोकी’. मधे चित्रं बदलतात. पोस्टरवरचं चित्र तुम्ही जाल त्या दिवशी भिंतीवर असेलच याची खात्री नाही.

माझे कोल्हापूरचे ड्रॉइंगचे सर एप्रिलच्या शेवटी लेकीबरोबर टोकियोला आले. आमच्या ड्रॉइंग हॉलमध्ये फळ्याच्या बाजूला प्लायवर चिकटवलेलं एक छापील चित्र असायचं. कुठल्या तरी जुन्या मासिकातून कापलेलं, करडं, धुक्यातली पाइनची झाडं. इंटरमिजिएटच्या मुलांना सर त्याच्यासमोर उभं करायचे आणि विचारायचे, “यात काढलेलं जास्त आहे की सोडलेलं?” ते हासेगावा तोहाकूचं चित्र, सोळाव्या शतकाच्या अखेरचं. सहा-सहा फळ्यांचे दोन घडीचे पडदे. ते टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात, उएनोला आहे. सरांनी येण्याआधी फोनवर एवढंच सांगितलं होतं, “बाकी तू नेशील तिथे येतो. पण ते एक दाखव.”

मी जानेवारीत ते बघितलं होतं. दुसऱ्या मजल्यावर, दोन नंबरच्या दालनात. फोटोही काढला होता. संग्रहालयाच्याच मालकीचं चित्र आहे, जाईल कुठे, असं मी धरून चालले आणि तारीख बघितली नाही.

दालनात दुसरंच काहीतरी लावलेलं होतं. सर काचेपाशी गेले, पाटी वाचायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे वळले. “इथे नाही का गं?” कोपऱ्यात मांडीवर शाल घेऊन बसलेल्या कर्मचारी बाईंना विचारलं. त्यांनी वेळापत्रक उघडून बोट ठेवलं. ते चित्र दरवर्षी बहुतेक नव्या वर्षाच्या सुरुवातीला लावतात, आणि तेही दोनेक आठवडेच.

सर बाकावर बसले. चिडले नाहीत. म्हणाले, “तू पाहिलंयस ना? मग सांग.” मी सांगितलं. जवळून झाड दिसतच नाही, सर. गवताच्या काड्या जोरात ओढाव्यात तसे कोरडे, आडदांड फटकारे दिसतात, शाई इतकी काळी की कागद खरवडला गेलाय असं वाटतं. चार-पाच पावलं मागे गेलं की त्याच फटकाऱ्यांची झाडं होतात आणि मधल्या कोऱ्या कागदाचं धुकं होतं. मागची झाडं पातळ शाईत आहेत, ती अगदी शेवटी दिसतात. सर डोळे मिटून ऐकत होते. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मी तोंडी वर्णन ऐकवत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी चित्र ठरवायचं, मग ते कधी लागतं ते बघायचं, आणि सुट्टी नि विमान त्यानंतर. विशेष प्रदर्शन असेल तर संकेतस्थळावर कलाकृतींची यादी असते. तिच्यात प्रत्येक कलाकृतीपुढे ती कुठल्या तारखांना बाहेर असेल ते दिलेलं असतं. जपानी येत नसेल तरी फोनमधल्या भाषांतरावर एवढं कळतं. मी ती यादी छापून घेते आणि हवी ती कामं पेन्सिलीने खुणावते. “जाऊ तर खरं, काहीतरी दिसेलच,” म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, यादी हातात देते. २०२५ च्या वसंतात ओसाका, नारा आणि क्योतो या तिन्ही शहरांत एकाच वेळी राष्ट्रीय ठेव्यांची मोठी प्रदर्शनं होती. तिन्हीकडे मधे कामं बदलली. ज्यांनी यादी वाचली त्यांनाच हवं ते बघायला मिळालं.

काही चित्रांचे ऋतू ठरलेले आहेत, ते पाठ करून ठेवा. ओगाता कोरिन या चित्रकाराचे आयरिसच्या फुलांचे पडदे टोकियोच्या नेझू संग्रहालयात साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असतात. त्याच कोरिनची लाल-पांढऱ्या फुलांची प्लमची झाडं अतामीच्या एमओए संग्रहालयात, प्लम फुलतो तेव्हा, हिवाळा सरताना.

एप्रिलचा शेवट होता म्हणूनच आम्हाला नेझू मिळालं. मी त्याच रात्री वेळेची तिकिटं काढली. सोन्याच्या वर्खावर निळी फुलं, हिरवी पाती, पाणी नाही, आकाश नाही. सर दहा मिनिटं गप्प होते. मग माझा दंड धरून म्हणाले, “हा गुच्छ बघ. आता तिकडचा बघ. एकच आहे. छापा ठेवून उचललाय.” तोच गुच्छ थोडा सरकवून परत वापरलाय, हे मी तिथे तीनदा जाऊनही पाहिलं नव्हतं. बाहेर बागेतल्या तळ्यात तीच फुलं उमलली होती. सरांनी वही काढली.

शेवटच्या आठवड्यात जाणं

“अजून दोन महिने आहे, बघू,” असं म्हणणारे सगळे शेवटच्या रविवारी एकत्र येतात. इथे मोठ्या प्रदर्शनांमागे वर्तमानपत्रं आणि दूरचित्रवाणी वाहिन्या सहआयोजक म्हणून उभ्या असतात, त्यामुळे जाहिरात घराघरात पोचते. रविवारी सकाळी एनएचके या इथल्या सार्वजनिक वाहिनीच्या कलाविषयक कार्यक्रमात एखादं प्रदर्शन दाखवलं की पुढच्या आठवड्यापासून रांग वाढते. २०१६ साली उएनोला इतो जाकुचू या चित्रकाराच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून प्रदर्शन भरलं होतं. जेमतेम महिनाभर चाललं, साडेचार लाखांच्या आसपास लोक आले आणि शेवटी शेवटी रांग ३२० मिनिटांवर गेली. पाच तास वीस मिनिटं उभं राहायचं आणि मग त्याने काढलेल्या कोंबड्याच्या पिसांवरचं बारीक काम बघायचं. त्या पायांनी काय बघणार?

माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी एका प्रदर्शनाच्या अखेरच्या रविवारी मला ओढून घेऊन गेली. नाव सांगत नाही, चूक प्रदर्शनाची नव्हती. दीड तास उन्हात उभं राहिलो, आत माणसांच्या पाठी बघितल्या, तिची सहा वर्षांची मुलगी शेवटी माझ्या खांद्यावर झोपली. आम्ही एकही चित्र धड बघितलं नाही. त्या मुलीला आता प्रदर्शन म्हटलं की नको वाटतं. ते परत मिळवायला फार वेळ लागेल.

माझी सवय सांगते. प्रदर्शन सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी. उएनोची राष्ट्रीय संग्रहालयं आणि ताकेबाशीचं आधुनिक कला संग्रहालय शुक्रवार-शनिवार आठपर्यंत उघडी असतात. ताकेबाशी तर आमच्या तोझाई मेट्रो लाइनवरच आहे, ऑफिस सुटल्यावर सरळ जाता येतं. हिल्मा आफ क्लिंट या स्वीडिश चित्रकर्तीची १९०७ सालची ती दहा उंचच उंच चित्रं मी तिथे शुक्रवारी सातनंतर बघितली. दालनाच्या मधोमध उभं राहून सावकाश फिरता येत होतं.

दुसरी सवय: आत शिरले की मी थांबत नाही. प्रस्तावनेच्या पाटीसमोर आणि पहिल्या तीन चित्रांसमोर सगळे अडकतात, कारण तेव्हा अंगात उत्साह असतो. मी सरळ शेवटच्या दालनात जाते, तिथून उलटी येते. शेवटची दालनं बहुतेक वेळा मोकळी असतात आणि डोळेही ताजे असतात. मात्र बाहेर पडण्याच्या दारातून परत आत घेत नाहीत, तेवढं सांभाळा.

सोमवार, मंगळवार

बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर सोमवारी उघडी आणि मंगळवारी बंद. टोकियोतल्याच रोप्पोंगी भागातलं राष्ट्रीय कला केंद्र आणि सनतोरी संग्रहालय मंगळवारी बंद. तिथलंच मोरी संग्रहालय एरवी रात्री दहापर्यंत, मंगळवारी मात्र पाचपर्यंत. म्हणून सोमवारी उएनो नको, मंगळवारी रोप्पोंगी नको. वेळ कुठलीही असो, शेवटचा प्रवेश बहुतेक ठिकाणी बंद होण्याच्या अर्धा तास आधी.

बेटांना एका दिवसात उरकणं

नाओशिमा आणि तेशिमा ही कला संग्रहालयांची बेटं एकाच दिवसात “करून” येणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. नाओशिमाचं चिचू संग्रहालय सोमवारी बंद, तेशिमा कला संग्रहालय मार्च ते नोव्हेंबर मंगळवारी बंद. दोन्हीकडे आधी वेळ आरक्षित करावी लागते. बोटी मोजक्या असतात आणि बेटावरच्या बसही. २०२५ हे या बेटांवर भरणाऱ्या सेतोउचीच्या त्रैवार्षिक कला महोत्सवाचं वर्ष होतं, त्यामुळे गर्दी आणखी. तेशिमाला बूट काढून आत जायचं असतं. सिमेंटच्या त्या थेंबासारख्या घुमटात जमिनीतून पाण्याचे मणी येतात, घरंगळतात, एकमेकांत मिसळतात. वीस मिनिटांत बोट पकडायची असेल तर तुम्हाला फक्त ओली जमीन दिसेल. मी एक रात्र मुक्काम करते. परवडत नसेल तर एकच बेट करते.

मूर्ती समोरूनच बघणं

२०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात उएनोला उनकेई या शिल्पकाराच्या मूर्तींचं प्रदर्शन होतं. नाराच्या कोफुकुजीतल्या उत्तरेकडच्या अष्टकोनी देवळातून आणलेल्या. त्यातल्या दोन मूर्ती मुचाकू आणि सेशिनच्या, म्हणजे आपले असंग आणि वसुबंधू. आठशे वर्षांपूर्वीच्या जपानी शिल्पकाराने भारतीय भिक्खूंचे चेहरे लाकडात कल्पून काढलेत. डोळ्यांत स्फटिक बसवलेत, त्यामुळे मान हलवली की नजर जिवंत होते. इथे त्यांच्या चहूबाजूंनी फिरता येत होतं. आणि लोक समोर उभे राहून, हात जोडून, निघून जात होते. असंगांची पाठ बघा. चिवराच्या घड्या खांद्यावरून किती जड उतरतात ते मागूनच कळतं.

उरलेलं थोडक्यात

पेन काढू नका. दालनात फक्त पेन्सिल चालते, विसरलात तर मागा, देतात.

शंभर येनचं नाणं खिशात ठेवा. लॉकरला लागतं, परत मिळतं. पाठीवरची सॅक घालून फिरणं बंद करा, वळताना काचेला लागते.

अंधार आहे म्हणून तक्रार करू नका. जुन्या कागदासाठी उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवतात. दोन मिनिटं गप्प उभं राहा, डोळे सरावतात.

एका डोळ्याची छोटी दुर्बीण घ्या. इथले मुरलेले प्रेक्षक गळ्यात अडकवूनच येतात. काचेपलीकडच्या मांजरीच्या मिशा तिच्याशिवाय दिसत नाहीत.

टोकियोत दोन महिने असाल तर संग्रहालयांचा गुरुत्तो पास घ्या. २०२५ साली २,५०० येनला होता, शंभरेक ठिकाणं, काही ठिकाणी मोफत, काही ठिकाणी सवलत. पण पास वसूल करायला दिवसाला चार संग्रहालयं पालथी घालू नका. मी दिवसाला एकच बघते, फार तर दोन.

फोटो चालतो की नाही ते प्रत्येक चित्रापाशी बघा. एकाच दालनात एकाला चालतो, शेजारच्याला नाही.

आणि ‘झुरोकू’, म्हणजे प्रदर्शनाचं पुस्तक, नंतर घेऊ म्हणून सोडू नका. प्रदर्शन संपल्यावर बरेचदा मिळत नाही. वजनाला दीड-दोन किलो सहज भरतं, तेव्हा विमानाच्या सामानात जागा आधीच धरा. सरांनी नेझूतून आयरिसचं पुस्तक घेतलं आणि बॅगेत बसेना म्हणून विमानात मांडीवर घेऊन गेले. तोहाकूच्या पडद्यांचं एक मोठं पोस्टकार्डही घेतलं होतं. ते आता त्यांच्या घरी टेबलाच्या काचेखाली आहे. जानेवारीतली थंडी किती असते, हे त्यांनी मला दोनदा विचारून झालंय.